वैमानिक बाईचं बाळंतपण: ‘अनफिट’च्या शिक्क्यापासून पुन्हा कॉकपिटपर्यंत

प्रसूती रजा २६ आठवड्यांची, हे सगळ्यांना ठाऊक असतं. वैमानिक बाई मात्र कॉकपिटपासून साधारण तेरा-चौदा महिने लांब राहते. हिशेब करून बघा. सहाव्या आठवड्यात कळलं आणि त्याच दिवशी उड्डाण थांबलं, तर चाळिसाव्या आठवड्यापर्यंत ३४ आठवडे झाले. रजेतले ८ आठवडे प्रसूतीआधी घेतले असतील तर नंतर १८ उरतात. हे झाले ५२. त्यावर मेडिकल (उड्डाणासाठीची वैद्यकीय तपासणी आणि तिचा दाखला), सिम्युलेटर आणि देखरेखीखालची उड्डाणं यांचे पाच-सात आठवडे धरा. कायदा यातल्या २६ आठवड्यांची काळजी घेतो. बाकीचा काळ कसा जाईल हे तुमचा करार, कंपनीचं धोरण आणि तुम्ही आधी काय विचारून ठेवलंय यावर ठरतं. हा लेख मुख्यतः त्या बाकीच्या काळाबद्दल आहे.

भारतात वैमानिकांमध्ये बायकांचं प्रमाण सुमारे १५ टक्के आहे, जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळे नव्या मुलींना वाटतं, की सगळं घडी बसलेलं असणार. पण एका बेसवर, म्हणजे ड्युटी जिथून सुरू होते त्या विमानतळावर, एका विमानप्रकारावर, एका वेळी गरोदर असलेल्या जणी बोटांवर मोजण्याइतक्याच असतात. एचआरमधल्या माणसाला दर वेळी नियम नव्याने उघडावे लागतात. तेव्हा ते नियम तुम्हाला त्याच्याआधी माहीत असलेले बरे.

पहिली पायरी: पाळी चुकण्याआधी कागद वाचा

नेमणूकपत्र, ट्रेनिंगचा बाँड, कंपनीचं ऑपरेशन्स मॅन्युअल, रजेचं धोरण आणि विम्याचे कागद एकदा समोर घेऊन बसा. सही करताना आपण पगाराचा आकडा आणि बाँडची वर्षं एवढंच वाचलेलं असतं.

नेमणूकपत्रात पगाराची फोड बघा: ठरलेला भाग किती आणि उड्डाणाच्या तासांवरचा किती. पुढचं सगळं आर्थिक गणित याच फोडीवर उभं आहे. बाँडमध्ये बघा, की रजेचा आणि अनफिट, म्हणजे उड्डाणासाठी वैद्यकीयदृष्ट्या अपात्र, असण्याचा काळ बाँडच्या मुदतीत धरतात की मुदत तेवढी पुढे ढकलतात. ऑपरेशन्स मॅन्युअलमध्ये गरोदरपणाबद्दल स्वतंत्र परिच्छेद असतो, तो वाचा. लायसन्स गेल्यावर भरपाई देणारा विमा घेतला असेल, तर त्यात गरोदरपणामुळे आलेलं तात्पुरतं अनफिट असणं बहुधा वगळलेलं असतं. आरोग्य विम्यात बाळंतपणाचा खर्च मिळायला नऊ महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत थांबावं लागतं. म्हणजे ही पॉलिसी लग्नाच्या सुमारास घ्यायची गोष्ट आहे, डोहाळे लागल्यावर नाही.

आता नव्या मुली हमखास विचारतात तो प्रश्न: कमांडच्या, म्हणजे कॅप्टन होण्याच्या, आधी की नंतर? माझं मत स्पष्ट आहे. कमांडसाठी मूल लांबवू नका. कमांडनंतर ट्रेनर होणं असतं, त्यानंतर मोठ्या विमानावर जाणं असतं, आणि वय वाढत राहतं. एक अपवाद मात्र धरा. अपग्रेड किंवा नव्या विमानप्रकाराचा कोर्स सुरू व्हायला दोन-तीन महिने उरले असतील, तर एक तर तो पुरता उरकून मग प्रयत्न सुरू करा, नाहीतर तारीखच पुढे मागून घ्या. अर्ध्यावर सुटलेला कोर्स वर्षभराने तिथूनच पुढे सुरू होत नाही. बराचसा भाग पुन्हा करावा लागतो.

आयव्हीएफ करायचं असेल, तर पहिल्या इंजेक्शनच्या आधी विमानवैद्यकाशी, म्हणजे वैमानिकांची वैद्यकीय पात्रता तपासणाऱ्या डॉक्टरांशी, बोला. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि विमानवैद्यक या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत आणि त्यांचे प्रश्नही वेगळे असतात. बीजांडं वाढवण्याच्या औषधांनी पोट फुगतं, दुखतं, मूड बदलतो. बीजांडं काढताना भूल देतात. या काळात उड्डाण करायचं नसतं. रोस्टर (ड्युट्यांचं वेळापत्रक) महिन्याचं येतं आणि अंडाशयाची तपासणी मात्र डॉक्टर आज सांगून परवा बोलावतात. म्हणून त्या चक्रापुरती सलग रजा मागून घ्यावी. रोज ड्युटी बदलून मागितल्याने लोकांना संशयही येतो आणि उपचारही विस्कटतात. २०२१ च्या कायद्याप्रमाणे हे उपचार २१ ते ५० वयाच्या बायकांना घेता येतात.

दुसरी पायरी: दोन रेषा दिसल्या, आणि पहाटेचं उड्डाण आहे

आपल्याकडे तीन महिने कुणाला सांगायचं नाही, असा दंडक. आजीने, आईने, सासूने तोच सांगितलेला असतो. वैमानिकाला तो पाळता येत नाही. शरीरात काही बदल झालाय आणि त्याने क्षमता कमी होऊ शकते, हे माहीत असताना लायसन्स वापरायचं नाही, हा नियम सर्दीला लागू आहे तसाच इथेही. आणि पहिले बारा आठवडेच सर्वात बेभरवशाचे असतात. गर्भपात, गर्भनलिकेत रुजलेला गर्भ फुटून होणारा रक्तस्राव, उलट्या, अचानक घेरी, आणि सगळ्यांत मोठी म्हणजे ती झोप, जी सकाळी दहालाही डोळे मिटवते.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकांनुसार गरोदर वैमानिक मुळात अनफिट धरली जाते. धोका कमी असलेलं, गुंतागुंत नसलेलं गरोदरपण असेल आणि डॉक्टरांची देखरेख चालू असेल, तर बाराव्या आठवड्याच्या शेवटापासून सव्विसाव्या आठवड्याच्या शेवटापर्यंत फिट ठरवता येतं, अशी त्यांची शिफारस आहे. युरोपात २६ आठवड्यांपर्यंत उडता येतं, पण सोबत दुसरा पात्र वैमानिक असलाच पाहिजे. अमेरिकेत केवळ गरोदरपणामुळे मेडिकल रद्द होत नाही, तिथे कंपन्यांचे नियम चालतात. भारतात डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नागरी विमान वाहतूक नियमावलीतला सातवा विभाग, सी मालिका, वैद्यकीय पात्रतेबद्दल आहे. त्याची संकेतस्थळावरची चालू आवृत्ती वाचा, कुणी व्हॉट्सअॅपवर पाठवलेली जुनी पीडीएफ नको. मग कंपनीचं मॅन्युअल वाचा. दोहोंत जे जास्त कडक असेल ते तुम्हाला लागू. कंपनीने शेवटपर्यंत जमिनीवर ठेवायचं ठरवलं असेल, तर नियमातले चौदा आठवडे तुमच्या कामाचे नाहीत आणि सुरुवातीचा ५२ आठवड्यांचा हिशेबच खरा.

त्या दिवशी करायचं काय? क्रू शेड्युलिंगला फोन करून वैद्यकीय कारणामुळे उड्डाणाला उपलब्ध नाही एवढंच सांगा. कारण सांगायची गरज नाही, आणि रात्री अकराला फोन उचलणाऱ्या मुलाला ते ऐकायचंही नसतं. मग स्त्रीरोगतज्ज्ञाकडून सोनोग्राफी आणि अपेक्षित तारखेचं पत्र घ्या. ते कंपनीच्या वैद्यकीय विभागाला ईमेलने पाठवा, चीफ पायलटला वेगळं दोन ओळींचं पत्र लिहा आणि माहिती गोपनीय ठेवावी असं त्यात स्पष्ट लिहा. डीजीसीएला कळवायचं ते त्यांच्या ईजीसीए या ऑनलाइन पोर्टलवरून आणि वैद्यकीय विभागाच्या सल्ल्याने. तोंडी सांगितलेलं काहीच धरू नका. पुढे पगाराचा वाद निघाला, तर कोणत्या तारखेला कळवलं हाच पहिला प्रश्न येतो.

कळण्याआधी पाच-सहा आठवडे उड्डाणं झाली, आता बाळाला काही होईल का, ही भीती प्रत्येकीला वाटते. ३५ हजार फुटांवर अंतराळातून येणारं प्रारण जमिनीपेक्षा जास्त असतं, हे खरं. विमानातल्या कर्मचाऱ्यांना वर्षाला साधारण २ ते ५ मिलिसीव्हर्ट (प्रारणाचा डोस मोजायचं एकक) मिळतं, आणि गरोदरपण जाहीर केल्यावर उरलेल्या काळात गर्भाला १ मिलिसीव्हर्टच्या आत ठेवावं अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. पण हे प्रारण अक्षांशावर अवलंबून असतं. भारत चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र इथे बरंचसं प्रारण अडवतं. पुणे-दिल्ली, मुंबई-चेन्नई करणाऱ्या मुलीला मिळणारा डोस उत्तर ध्रुवाजवळून अमेरिकेला जाणाऱ्या क्रूपेक्षा खूपच कमी असतो. अतिलांब पल्ल्यावर असाल, तर मात्र झालेल्या उड्डाणांची यादी डॉक्टरांना दाखवा. अमेरिकेतल्या एका सरकारी संस्थेच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली होती: पहिल्या तिमाहीत घरच्या झोपेच्या वेळात १५ तास किंवा जास्त काम झालं, तर गर्भपाताचा धोका वाढू शकतो. म्हणून नुसते प्रयत्न चालू असतानाही सलग रात्रीच्या ड्युट्या टाळता आल्या तर टाळा.

तिसरी पायरी: जमिनीवरचे महिने आणि पैसे

इथे जास्त वेळ थांबू या, कारण बहुतेक जणी इथेच फसतात.

प्रसूती रजा अपेक्षित तारखेच्या जास्तीत जास्त ८ आठवडे आधीपासून घेता येते. उड्डाण सहाव्या आठवड्यात थांबलं, तर ते बत्तिसाव्यापर्यंतचे २६ आठवडे रजेतही नाहीत आणि विमानातही नाहीत. या काळात कंपनी तीनपैकी एक करते: ग्राउंड ड्युटी देते, साठलेल्या आजारपणाच्या आणि हक्काच्या रजा वापरायला सांगते, किंवा बिनपगारी रजेवर पाठवते. तासांवरचा पगार तिन्हींत बंद. म्हणून दोघांच्या पगारावर घर चालत असेल, तर हप्ते तुमच्या ठरलेल्या भागावर फिटतील का, हे आधी बघा. तासांचे पैसे धरून घेतलेलं घराचं कर्ज इथे टोचतं.

बिनपगारी रजेत आणखी एक खोच आहे. प्रसूती लाभासाठी अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. हे बारा महिने मागे मोजा. त्यातले ३४ आठवडे तुम्ही अनफिट. उरले साधारण १८ आठवडे, म्हणजे चार महिने. वैमानिकाच्या महिन्यात ड्युटीचे दिवस अठरा-वीस असतात. चार महिन्यांचे ७२ ते ८०. म्हणजे अगदी काठावर. त्यात मध्ये एखादी सुट्टी किंवा आजारपण गेलं असेल, तर ८० भरतीलच असं नाही. पगारी सुट्ट्या काही प्रमाणात धरल्या जातात, पण तो वाद घालायची वेळच कशाला आणायची? पैसे थोडे कमी मिळाले तरी ग्राउंड ड्युटी घ्या. एक महिना टेबलाशी बसलात, की ८० चा प्रश्न मिटला.

ग्राउंड ड्युटी मागताना नुसतं ‘काहीतरी काम द्या’ म्हणू नका. सुरक्षा विभागात उड्डाणांच्या नोंदींचं विश्लेषण असतं, ट्रेनिंगमध्ये ग्राउंड क्लास असतात, मॅन्युअलची दुरुस्ती असते, नव्या भरतीच्या मुलाखती असतात. यातलं एक नाव घेऊन, कुणाच्या हाताखाली करणार हे विचारून, अर्ज करा. सुरक्षा विभागातले चार महिने पुढे ट्रेनर व्हायच्या वेळी उपयोगी पडतात, हे मी अनेकींच्या बाबतीत पाहिलंय. गाडी पहाटे अडीचला दारात येत नाही, हा वरचा फायदा.

आता रजेतला पगार. तो शेवटच्या तीन महिन्यांच्या सरासरी रोजच्या वेतनावर निघतो. हे तीन महिने म्हणजे रजेवर जाण्याच्या लगेच आधीचे, आणि तेव्हा तुम्ही जमिनीवर असता. म्हणजे वर्षभर महिन्याला सत्तर तास उडालेल्या मुलीची सरासरी टेबलावरच्या पगारावर निघू शकते. हे बेकायदा नाही, पण बोलून बदलण्यासारखं आहे. काही कंपन्या धोरण म्हणून उड्डाण थांबण्याआधीच्या महिन्यांची सरासरी धरतात किंवा किमान ठरावीक तास गृहीत धरतात. एचआरला ईमेलवर सरळ विचारा: माझी सरासरी कोणत्या तीन महिन्यांची आणि पगाराचे कोणते घटक धरून काढणार? २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९६१ चा प्रसूती लाभ कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत मिसळला आहे. २६ आठवडे तसेच राहिले, पण वेतनाची व्याख्या बदलली. वगळायचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा, असं आता आहे. ज्यांच्या पगारात भत्त्यांचाच डोंगर असतो, त्या वैमानिकांसाठी हे वाक्य महत्त्वाचं आहे.

चौथी पायरी: रजेचा अर्ज

हे काम सोपं आहे. अपेक्षित तारीख, रजा कधीपासून, आणि तुम्हाला काही झालं तर पैसे कुणाला द्यायचे त्याचं नाव, एवढं लेखी द्या. प्रसूतीआधीच्या काळाचे पैसे गरोदरपणाच्या दाखल्यावर आगाऊ मिळतात आणि उरलेले बाळ झाल्याचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत, असं कायदा म्हणतो. कंपनी तपासण्यांची सोय फुकट करत नसेल, तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनस मिळतो. प्रसूतीनंतरचे पहिले सहा आठवडे तुम्ही हो म्हटलं तरी कंपनी कामावर बोलावू शकत नाही. गरोदरपणातून किंवा बाळंतपणातून आजार उद्भवला, तर आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळते.

रजेवर असताना काढून टाकणं किंवा नोकरीच्या अटी तुमच्या तोट्याच्या दिशेने बदलणं बेकायदा आहे. सीनियॉरिटी लिस्टमधलं तुमचं स्थान रजेवर जाताना छापून ठेवा आणि परत आल्यावर ताडून बघा. हे हक्क आपोआप आलेले नाहीत. एअर इंडियाच्या हवाईसुंदरीला पहिल्या गरोदरपणातच नोकरी गमवावी लागे, तो नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये नर्गेश मिर्झा खटल्यात रद्द केला. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी फक्त बायकांच्या क्रूसह कोलकाता-सिलचर उड्डाण केलं, तेव्हा कायद्यातली रजा १२ आठवड्यांची होती. २६ व्हायला २०१७ उजाडलं.

आखाती कंपन्यांत बऱ्याच मराठी मुली आहेत. त्यांनी भारतातलं हे गणित तिथे लावू नये. संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्यात खाजगी नोकरीतली प्रसूती रजा ६० दिवसांची आहे: ४५ दिवस पूर्ण पगार, १५ दिवस अर्धा. त्यापलीकडचं सगळं कंपनीच्या धोरणावर.

दत्तक घेणाऱ्या आईला आणि सरोगसीतून मूल झालेल्या आईला बाळ हातात आल्यापासून १२ आठवडे मिळतात. त्यांचं मेडिकल सुटत नाही, त्यामुळे परतीचा रस्ता बराच छोटा.

पाचवी पायरी: गर्भ टिकला नाही तर

याबद्दल बेसवर कुणी बोलत नाही, म्हणून इथे लिहिते. गर्भपात झाला किंवा वैद्यकीय कारणाने करावा लागला, तर त्या दिवसापासून सहा आठवडे पगारी रजा मिळते. डॉक्टरांचा दाखला लागतो. आपण धडधाकट आहोत असं वाटलं तरी लगेच उडता येत नाही. पुन्हा वैद्यकीय मूल्यमापन होऊन फिट ठरावं लागतं, कारण रक्तस्राव, संसर्ग आणि मनावरचा भार या तिन्हींचा उड्डाणाशी संबंध आहे. वैद्यकीय विभागाला खरं कारण कळवा. बाकी कुणाला सांगायचं की नाही, हे सर्वस्वी तुमचं. ‘लवकर कामाला लाग म्हणजे विसरशील’ असं घरचे प्रेमाने म्हणतील. रोस्टरवर नाव लागायची घाई करू नका. सहा आठवडे कायद्याने दिलेत, ते घ्या.

सहावी पायरी: माहेर, आणि मेडिकलची तारीख

पहिलं बाळंतपण माहेरी, हे अजून बऱ्याच घरांत चालतं. माहेर सांगलीला आणि बेस मुंबईला असेल तर अडचण काही नाही, फक्त कागद सोबत न्या: मेडिकलचे जुने रिपोर्ट, लायसन्स, ईजीसीएचा पासवर्ड. डोहाळजेवणाला पाळणा आणि होडी यांच्या जोडीला आता थर्माकोलचं विमानही हमखास असतं. तयारी ठेवा, त्यात बसवून फोटो काढतातच.

फिट ठरायला शरीर किती भरून आलंय हे बघतात: हिमोग्लोबिन, रक्तदाब, गरोदरपणात साखर वाढली असेल तर ती खाली आली का, थायरॉइड, सिझेरियनची जखम, पोटाचे आणि ओटीपोटाचे स्नायू. एक इंजिन बंद पडल्यावर रडर दाबून धरायला जोर लागतो, तो कमरेतून आणि पोटातून येतो. सिझेरियननंतर फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या, अंदाजाने करू नका. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू खा, पण वजनाचा काटाही बघा. रजेच्या शेवटच्या आठवड्यात मेडिकलला जाऊन साखर वाढलेली निघाली, तर पुढचा एक महिना त्यातच जातो.

मेडिकलची वेळ रजा संपायच्या सहा-आठ आठवडे आधीची घ्या. चाळिशीच्या आत क्लास वन, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं मेडिकल, साधारण बारा महिन्यांचं असतं, म्हणजे तुमचं जुनं मेडिकल बहुधा रजेतच संपलेलं असेल आणि नूतनीकरण व प्रसूतीनंतरचं मूल्यमापन एकदमच येईल. प्रसूतीचा डिस्चार्ज सारांश, सिझेरियन असेल तर शस्त्रक्रियेची नोंद आणि स्त्रीरोगतज्ज्ञाचं सध्याचं पत्र, हे तिन्ही जवळ ठेवा. एक जरी नसलं तरी दुसरी फेरी पडते.

मनाबद्दल. बाळंतपणानंतरचे काही दिवस रडू येणं सर्रास असतं. ते दोन आठवड्यांच्या पलीकडे गेलं, झोप मिळत असूनही झोप येईना, बाळाबद्दल काहीच वाटेना, तर डॉक्टरकडे जा आणि उपचार घ्या. अनेकजणी मेडिकलच्या भीतीने लपवतात किंवा गुपचूप गोळ्या घेतात. हाच सगळ्यांत वाईट मार्ग. उपचार घेऊन बरं झालेलं नैराश्य नोंदीसह दाखवता येतं. लपवलेली गोळी सापडली, तर प्रश्न प्रामाणिकपणाचा होतो. कंपनीत वैमानिकांनीच वैमानिकांना आधार देण्याची व्यवस्था असेल, तर तिथे आधी बोला.

सातवी पायरी: पुन्हा डाव्या-उजव्या खुर्चीत

वर्षभर न उडलेल्या वैमानिकाच्या बऱ्याच गोष्टींची मुदत संपलेली असते. ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग ही अट तर गेलीच. सहामाही प्रवीणता चाचणी, इन्स्ट्रुमेंट रेटिंग, आपत्कालीन प्रक्रियांचं प्रशिक्षण, धोकादायक मालाचा कोर्स, विमानतळ सुरक्षेचा कोर्स, सीआरएम (क्रूमधल्या समन्वयाचं प्रशिक्षण), पावसाळ्यातल्या उड्डाणांचं ग्राउंड ट्रेनिंग, इंग्रजी प्रावीण्य, विमानतळ प्रवेशाचा पास. एका कागदावर प्रत्येकाची संपण्याची तारीख मांडा आणि रजा संपायच्या दोन महिने आधी ट्रेनिंग विभागाला पाठवा. त्यांच्याकडे यादी असते, पण रजेवरच्या माणसाचं नाव त्यात बहुधा तळाशी असतं. सर्वांत जास्त वेळ प्रवेशाच्या पासला लागतो, आणि त्याकडेच कुणी बघत नाही.

सिम्युलेटर बरेचसे गुरुग्राम, ग्रेटर नोएडा, बंगळुरू, हैदराबाद अशा ठिकाणी. पुण्याच्या किंवा नागपूरच्या मुलीला आठवडाभर बाहेर राहावं लागतं, तेही बहुतेकदा तान्हं बाळ घेऊन. हॉटेलात आई किंवा सासू सोबत चालेल का, खर्च कोणाचा, हे आधी विचारा. सिमचे स्लॉट मध्यरात्री आणि पहाटेही असतात. अंगावर पाजत असाल, तर दिवसाचा स्लॉट मागा आणि कारण लिहा. बऱ्याचदा मिळतो.

परतीचा महिनाही बघा. रजा मेअखेर संपत असेल, तर तुमची पहिली उड्डाणं जूनमध्ये, मुंबईच्या पावसात, आडव्या वाऱ्यात. शेजारी ट्रेनर आहे तोवर हे वाईट नाही, उलट हात लवकर बसतो. पण देखरेखीखालचे दोन-चार जास्त सेक्टर (एक टेकऑफ ते लँडिंग म्हणजे एक सेक्टर) मागायला संकोच करू नका. वर्षभराने आलेली वैमानिक जास्त सेक्टर मागते तेव्हा ट्रेनरला ते शहाणपणाचं वाटतं. न मागता चाचपडणारी त्याला काळजीत टाकते.

रजेतच रोज पंधरा मिनिटं मेमरी आयटम (आणीबाणीत तोंडपाठ करायच्या कृती) आणि विमानाच्या मर्यादांचे आकडे म्हणत राहा. बाळ मांडीवर असताना म्हणता येतात, आणि अंगाईच्या चालीतही चांगले बसतात.

आठवी पायरी: दूध, रोस्टर, घर

बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या दिवसात दोन स्तनपान विश्रांती कायद्याने मिळतात. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवं आणि दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा हवी. मुंबई-गुवाहाटीच्या मध्यावर ती कशी वापरायची, हे कायदा सांगत नाही. प्रत्यक्षात दूध काढायचं ते उड्डाणाआधी आणि दोन सेक्टरच्या मधल्या टर्नअराउंडमध्ये, म्हणजे विमान जमिनीवर थांबतं त्या वेळात. विमान चालू असताना टॉयलेटला जायचं तरी कॉकपिटमध्ये दुसऱ्या माणसाला बोलवावं लागतं, त्यामुळे तिथे पंप लावायच्या गोष्टी विसरा. छोटा बॅटरीचा पंप, बर्फाच्या पिशव्या असलेली कूलर बॅग आणि एक ओढणी. सुरक्षा तपासणीत पंप वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा म्हणजे सगळी बॅग उघडावी लागत नाही. काढलेलं दूध २५ अंशांत चार तास टिकतं, फ्रिजमध्ये चार दिवस. मे महिन्यातल्या नागपूरच्या अॅप्रनवर, म्हणजे विमानं उभी करतात त्या फरशीवर, २५ अंश कुठले, म्हणून बर्फ हवाच. दूध साठून गाठ आली आणि ताप चढला, तर त्या दिवशी उड्डाण नाही.

रोस्टरसाठी पहिले सहा महिने लेओव्हर (बाहेरगावी मुक्काम) नसलेल्या ड्युट्या मागा आणि कधीपर्यंत हेही लिहा. मुदत घातलेली विनंती लवकर मान्य होते. १ जुलै २०२५ पासून साप्ताहिक विश्रांती ३६ ऐवजी ४८ तासांची झाली आहे, ती दोन सलग रात्री घरी मिळतील अशा बेताने मागता येते. स्टँडबाय, म्हणजे बोलावलं तर जायच्या तयारीत घरी थांबणं, मात्र सगळ्यांत अवघड, कारण सांभाळणाऱ्या बाईला ‘कदाचित’ हा शब्द चालत नाही. तिला स्टँडबायच्या दिवसाचे पैसे पूर्ण द्या, गेलात किंवा नाही गेलात तरी. नवराही वैमानिक असेल आणि कंपनी एकच असेल, तर दोघांच्या रात्री एकाच वेळी येऊ नयेत असं दोघांनी मिळून, एकाच पत्रात मागा. वडिलांसाठी खाजगी नोकरीत कायद्याची रजा नाही, कंपनी देईल तेवढी. त्यातले निम्मे दिवस बाळ झाल्यावर आणि निम्मे तुमच्या सिमच्या आठवड्यासाठी राखता आले तर उत्तम.

‘मुलाला सोडून कशी जातेस’ हे विचारणारे लग्नकार्यात भेटतात. सरला ठकराल यांनी १९३६ मध्ये साडी नेसून जिप्सी मॉथ उडवलं आणि लायसन्स मिळवलं, तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या आणि त्यांची मुलगी चार वर्षांची. एवढं सांगून जेवायच्या पंगतीत जाऊन बसावं.

दुसऱ्या बाळाचा विचार असेल, तर परतल्यावर ८० दिवसांचं गणित पुन्हा पहिल्यापासून मांडा. सिम आणि देखरेखीखालच्या उड्डाणांचे दिवस त्यात कामाचे म्हणून धरतात ना, हे लेखी घ्या. दोन मुलं हयात असताना होणाऱ्या तिसऱ्यासाठी रजा २६ नाही, १२ आठवड्यांची, आणि त्यातले प्रसूतीआधी जास्तीत जास्त सहा.